पारा, सहाशे सहा आणि पेनिसिलिन

मंडळी, आजचा रोग असा आहे की त्याचं नाव घरात मोठ्यानं कुणी घेत नसे. बोलीत 'गरमी', वैद्यांच्या पोथीत 'फिरंग', डॉक्टरांच्या भाषेत सिफिलिस. त्याच्या औषधांचा इतिहास आपण पाहणार आहोत, पण आमच्या विषयाच्या सवयीप्रमाणे एक प्रश्न हाताशी ठेवून: औषध देणाऱ्याला 'बरं करणं' म्हणजे नेमकं काय वाटत होतं?

१४९५ साली फ्रेंच सैन्य नेपल्समध्ये होतं, तेव्हा हा रोग युरोपात भडकला. इटालियन लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. आपल्याकडे तो फिरंग्यांचा. म्हणजे रोग नेहमी शेजाऱ्याकडूनच आलेला! 'सिफिलिस' हे नाव आलं वेरोनाच्या फ्राकास्तोरो नावाच्या वैद्याच्या १५३० मधल्या लॅटिन काव्यातून. त्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ सूर्यदेवाचा अपमान करतो आणि त्याला हा रोग जडतो. शिक्षेची कल्पना अशी नावातच येऊन बसली.

औषध होतं पारा. युरोपात पाऱ्याचं मलम अंगाला चोळत, बंद जागेत बसवून धुरी देत. रोग्याच्या तोंडातून लाळ गळू लागे, हिरड्या सडत, दात पडत. ही सगळी पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणं. पण वैद्यांची समजूत अशी की लाळेवाटे रोगाचं विषच बाहेर पडतंय. तेव्हा लाळ भरपूर गळली म्हणजे उपचार लागू पडला. शिवाय या रोगाचे चट्टे आणि व्रण औषध न देताही काही काळानं मावळतात आणि रोग आत वर्षानुवर्षं दबून राहतो. त्यामुळे श्रेय पाऱ्याला मिळत गेलं, तेही जवळजवळ चारशे वर्षं.

आता आपला भावमिश्र पाहा. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त तो फिरंग रोगाला 'आगंतुज' म्हणतो, म्हणजे बाहेरून, संसर्गानं आलेला. औषध म्हणून तोही पाराच देतो, रसकर्पूराच्या रूपात. पण कसा? गव्हाच्या कणकेच्या गोळीत भरून, दाताला लागू न देता गिळायचा. तोंड येणं हा त्याच्या लेखी औषधाचा उपद्रव आहे, गुण नव्हे. जोडीला चोपचिनी, जी चीनकडून समुद्रमार्गे आली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथातही तिची चर्चा आहे. भावमिश्राचे रोगी मुळातून बरे होत होते असं आमचं म्हणणं नाही. पारा तो पाराच. पण रोग्याच्या हालांकडे पाहायची नजर वेगळी होती, एवढं नक्की.

इंग्रजी अमदानीत, १८६८ मध्ये, हिंदुस्थानासाठी सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. तपासणी आणि कोंडणं वेश्यांच्या वाट्याला, गोऱ्या शिपायांना मोकळीक. १८८८ मध्ये तो रद्द झाला.

१९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांनी रोगाचा जंतू दाखवला. जर्मनीत पाउल एर्लिश यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची शेकडो संयुगं तयार पडली होती. साहाचिरो हाता या जपानी संशोधकानं ती सशांवर तपासली आणि ६०६ क्रमांकाचं लागू पडलं. १९१० मध्ये ते 'साल्वर्सान' नावानं बाजारात आलं. द्यायला मोठं किचकट: पाण्यात विरघळवून शिरेतून टोचायचं, थोडं बाहेर सांडलं तर हात सुजे. पुढं वर्षभर टोचण्या, मध्येच बिस्मथ. अर्धेअधिक रोगी कंटाळून सोडून देत. आणि देवानं दिलेल्या शिक्षेत डॉक्टरांनी ढवळाढवळ का करावी, असं म्हणणारेही निघालेच.

१९४३ साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर जॉन माहोनी यांनी चार रोग्यांना पेनिसिलिन दिलं आणि ते बरे झाले. प्रश्न सुटला असं वाटावं ना? पण त्याच देशात, अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथं, सरकारी आरोग्य खातं १९३२ पासून ३९९ कृष्णवर्णीय रोग्यांचं नुसतं 'निरीक्षण' करत होतं. उपचार न करता रोग कुठवर जातो ते पाहायचं होतं. रोग्यांना सांगितलं होतं, तुमचं रक्त खराब आहे. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे आणि त्यालाच खास मोफत उपचार म्हणायचे. पेनिसिलिन सगळीकडे मिळू लागलं तरी यांना ते मिळू नये याची काळजी घेतली गेली. त्या बायकांना आणि जन्मलेल्या मुलांना लागण झाली ती वेगळीच. पीटर बक्सटन या खात्यातल्याच माणसानं वरिष्ठांकडे हरकत घेतली, कुणी ऐकलं नाही. १९७२ मध्ये बातमी छापून आली तेव्हा ते थांबलं. यातले डॉक्टर राक्षस नव्हते, हे ध्यानात घ्या. नोंदी नीटनेटक्या ठेवत होते. औषध कपाटात असून न देणं हीसुद्धा कृती आहे, हे त्यांना चाळीस वर्षं दिसलं नाही. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली १९९७ मध्ये.

आपल्याकडे १९५५ पासून पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिन बनू लागलं. आजही सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं एक इंजेक्शन पुरतं. गरोदरपणी रक्त तपासून ते वेळेत दिलं तर पोटातलं मूलही वाचतं. मात्र नवऱ्यालाही टोचून घ्यावं लागतं, नाहीतर बाईला पुन्हा लागण होते. आणि दवाखान्यात चिठ्ठी घेऊन पुष्कळदा ती एकटीच आलेली असते.