कात्री, सांधा आणि दिघीचा धक्का

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हें बंदर आहे. समोर आगरदांडा, आणि मुखाशीं जंजिऱ्याचा किल्ला. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही तेथें चार दिवस राहिलों असतां यजमानांच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलानें संगणकावर जुळवीत असलेला एक नाट्यप्रसंग आम्हांस दाखविला. खाडीपलीकडून शेवटची फेरी यावयाची आहे, धक्क्यावर एक म्हातारी उभी आहे, आणि मुलगा त्या फेरीनें येईल कीं नाहीं हें तिला ठाऊक नाहीं. म्हातारीची भूमिका त्याच्या आजीनेंच केली होती. प्रसंग दोन मिनिटांचा, पण त्यांत तुकडे सत्तराहून अधिक! चेहरा, पाणी, पाय, होडी, पुन्हा चेहरा. पाहून आम्हांस कांहींच वाटलें नाहीं, आणि तें त्याच्या लक्षांत आलें. "कोठें चुकलें?" असें त्यानें विचारलें.

साधन नवें असलें तरी प्रश्न जुना आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा व फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र आणलें, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' दाखविला. कच्ची फिल्म भोकांवांचून येई. अंधारांत बसून तिच्या कडांना भोकें पाडण्याचें काम सरस्वतीबाई फाळके करीत. घरांत जेवणारीं माणसें अनेक, दिवसभर स्वयंपाक, आणि रात्रीं हा उद्योग! आपल्या चित्रपटाच्या इतिहासांत या माउलीचा उल्लेख फार उशिरां होऊं लागला, हें आम्हांस बोचतें.

'लंकादहन' या १९१७ सालच्या मूकपटांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या. कांहीं युक्ति केल्यावांचून तीं दोघें एका चौकटींत उभीं राहणें शक्यच नव्हतें. पुष्कळसें काम कात्रीनें आणि उरलेलें प्रेक्षकाच्या श्रद्धेनें केलें. पण आमच्या मतें खरा धडा १९१९ च्या 'कालियामर्दना'त आहे. कृष्णाची भूमिका दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी हिनें केली. पाण्यांत कालियाशीं द्वंद्व चालू असतां फाळके मधून मधून कांठावरच्या भयभीत गोकुळाकडे वळतात. सर्प खोटा आहे हें आज शेंबडें पोरहि ओळखील. परंतु कांठावरचे ते चेहरे पाहिले कीं धास्ती खरी होते. भय पाण्यांत नसून कांठावर आहे, हें त्या गृहस्थास कोणीं शिकविलें असेल?

याच सुमारास रशियांत लेव्ह कुलेशोव्ह यांनीं एक प्रयोग केला तो प्रसिद्धच आहे. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनीं एकदां सुपाच्या वाटीला जोडला, एकदां शवपेटीला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यांत कधीं भूक दिसली, कधीं शोक. आणि त्यांनीं नटाच्या अभिनयाची तारीफ केली असें सांगतात.

प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ च्या फेब्रुवारींत आला आणि संकलकाच्या टेबलावर दुसरी अडचण येऊन बसली. बोलपटाच्या तयार प्रतींत आवाजाची रेघ त्याच्या चित्राच्या सुमारें वीस चौकटी पुढें छापलेली असते. सेकंदाला चोवीस चौकटी. अशी प्रत चित्र पाहून कापली, तर शब्द अर्धा तुटतो. म्हणून चित्राची फीत निराळी आणि आवाजाची निराळी ठेवून दोन्ही समांतर चालवाव्या लागत. शिवाय सिमेंटनें जोडलेला सांधा उकलून पुन्हा जोडावयाचा तर एकदोन चौकटी प्रत्येक वेळीं खर्ची पडत. मूळ निगेटिव्हवर कात्री चुकली तर तें नुकसान भरून निघण्यासारखें नव्हतें. पुण्यांत प्रभातच्या आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपटसंस्था निघाली, तेथेंहि मुलें पुढें कित्येक वर्षें फिल्म हातांत घेऊनच हें शिकलीं.

संगणकांत मूळ चित्रण अबाधित राहतें. कापलेलें परत येतें, शंभर वेळां कापा. आमच्या पिढीचे लोक म्हणतील कीं भय गेलें म्हणून विचारहि गेला. पण तें अर्धेंच खरें. भयाच्या त्या काळांत दिघीच्या पोराच्या हातीं कात्री कोण देणार होतें? मात्र सत्तर तुकडे होतात ते याच सवलतीपायीं.

आम्हीं त्यास 'कालियामर्दना'ची गोष्ट सांगितली आणि जंजिऱ्याकडे बोट दाखविलें. त्या किल्ल्याचा दरवाजा होडी अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं. बांधणाऱ्यानें दाखवावयाचें केव्हां, हें ठरवून ठेवलें होतें. मुलगा कांहीं न बोलतां आंत गेला.

दुसऱ्या रात्रीं सारें घर संगणकापुढें बसलें. आतां तुकडे अकराच होते. होडी एकदांच दिसत होती, तीहि दूर. एंजिनाचा आवाज मात्र हळूहळू वाढत होता, आणि आजींचा चेहरा इतका वेळ पडद्यावर राहिला कीं आमच्या शेजारीं बसलेल्या सूनबाईंनीं पदर डोळ्यांस लावला. आवाज थांबला. धक्क्यावर कोण उतरलें हें दाखविण्यापूर्वींच प्रसंग संपला.

"आजी, त्या वेळीं तुमच्या मनांत काय चाललें होतें?" आम्हीं विचारलें.

"मनांत कसलें! वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळा बसला होता, मी त्याच्याकडे बघत होतें."