भरतपूरचा 'घना' : पाणपक्षी, अजगर आणि कॅमेरा

हिवाळ्याची चाहूल लागली, की पक्षिनिरीक्षक आणि छायाचित्रकार यांची पावले राजस्थानातील भरतपूरकडे वळू लागतात. शहराला खेटून असलेले केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे. तरीही येथे ३५०हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. भरतपूर हे मुंबई-दिल्ली लोहमार्गावरील स्थानक असून आग्र्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील हौशी छायाचित्रकारांनाही ते सोयीचे ठरते.

शिकारीच्या रानापासून जागतिक वारशापर्यंत

उद्यानातील केवलादेव या शिवमंदिरावरून त्यास नाव मिळाले. स्थानिक लोक मात्र दाट झाडीमुळे त्यास 'घना' म्हणतात. मुळात ही खोलगट जमीन. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला आणि येथे पाणी साचू लागले. पुढे भरतपूरच्या संस्थानिकांनी बंधारे व कालवे काढून पाणथळीचे कप्पे पाडले, ते बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी आयोजित शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. मंदिराजवळच्या दगडी फलकावर अशा शिकारींचे आकडे आजही वाचता येतात.

स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीसाठी द्यावी, अशी मागणी पुढे आली. त्या वेळी पाणथळ वाचवण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत मुंबईचे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली आघाडीवर होते. १९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले. १९८१ मध्ये रामसर यादीत समावेश, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आणि १९८५ मध्ये 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत स्थान, असा पुढील प्रवास आहे.

सकाळ पाणपक्ष्यांची

उद्यानात फिरण्याची खरी साधने म्हणजे सायकल, सायकलरिक्षा आणि पाय. येथील अनेक रिक्षाचालक पक्षी ओळखण्यात तरबेज आहेत. मुख्य वाटा बांधांवरून जातात व दोन्ही बाजूंना पाणी असते. त्यामुळे उजेड पाठीशी ठेवून जागा निवडता येते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके असते. अशा वेळी पिसांचा तपशील मिळत नाही. मात्र पाण्यात उभ्या बाभळी आणि त्यांवरील पक्ष्यांच्या आकृती टिपण्यास हीच वेळ उत्तम.

पाऊस चांगला झालेल्या वर्षी या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत गजबजते. घरटी साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरपासून बांधली जातात आणि हिवाळ्यात वाढती पिले दिसतात. बगळे, चमचे, पाणकावळे आणि तिरंदाज हेही आसपास असतात. तिरंदाजाची पिसे पाण्यात भिजतात. त्यामुळे सूर मारून बाहेर आल्यावर तो पंख पसरून उन्हात बराच वेळ बसून राहतो आणि छायाचित्रकारास घाई करावी लागत नाही. बगळ्यांसारख्या शुभ्र पक्ष्यांचे छायाचित्र घेताना मात्र एक्स्पोजर किंचित कमी ठेवावे लागते. अन्यथा पिसांचे पोत नाहीसे होऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. उडत्या पट्टकादंबांसाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असला, तर पंख स्पष्ट येतात. खुल्या माळावर सारस क्रौंचांची जोडी दिसण्याची शक्यता असते.

दुपार अजगराची

धुके विरून ऊन तापू लागले, की सरपटणाऱ्या प्राण्यांची वेळ सुरू होते. त्यांचे रक्त थंड. शरीराची ऊब त्यांना बाहेरून मिळवावी लागते. कासवे ओंडक्यांवर येऊन बसतात, एखादी घोरपड झाडाच्या ढोलीतून डोकावते. सर्वांत मोठे आकर्षण अर्थातच अजगराचे. तो बहुधा साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत राहतो. कित्येकदा साळिंदर आणि अजगर एकाच बिळात नांदतात. हिवाळ्यात तो बिळाच्या तोंडाशी वेटोळे घालून ऊन घेतो.

येथेच छायाचित्रकाराच्या संयमाची कसोटी लागते. जमिनीतील कंपने अजगरास चटकन जाणवतात. माणसे जवळ आली, की तो बिळात शिरतो आणि त्याचे त्या दिवसाचे ऊन बुडते. गिळलेले भक्ष्य पचवण्यासाठीही त्याला ही ऊब आवश्यक असते. म्हणून दूर थांबून लांब पल्ल्याची लेन्स वापरणे, हालचाल कमी ठेवणे आणि बिळाचे ठिकाण जाहीर न करणे हे शहाणपणाचे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अजगरास सर्वोच्च संरक्षण आहे. हाच विवेक पक्ष्यांबाबतही हवा. घरट्याजवळ जाणे, ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास बोलावणे, झोपलेल्या पिंगळ्यावर फ्लॅश मारणे हे सर्व टाळायला हवे.

प्रश्न पाण्याचा

कॅमेऱ्याच्या चौकटीत न येणारी गोष्ट म्हणजे हे पाणी येते कोठून. पाणथळ मानवनिर्मित असल्याने दरवर्षी ती बाहेरून भरावी लागते. त्यासाठी सुमारे ५५ कोटी घनफूट पाण्याची गरज सांगितली जाते. गंभीर नदीवरील पांचना धरणानंतर उद्यानाकडे येणारा प्रवाह आटला. शेतकऱ्यांची गरज आणि पक्ष्यांची गरज यांत संघर्ष उभा राहिला. २००४ च्या सुमारास परिस्थिती विशेष बिकट झाली होती. पुढे गोवर्धन नाला आणि चंबळ येथून पाणी आणण्याच्या योजना झाल्या.

संवर्धनाचे निर्णयही नेहमी सरळ नसतात. १९८२ मध्ये उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. त्यातून उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबाराने काही ग्रामस्थांचे प्राण गेले. बंदीनंतर पाणथळीत गवत माजले आणि पक्ष्यांचा अधिवास आक्रसला. म्हशींचे चरणे हे गवत आटोक्यात ठेवत होते, असा निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आला.

भरतपूरची ख्याती ज्या सायबेरियन क्रौंचामुळे जगभर झाली, तो आता येथे येत नाही. साठच्या दशकाच्या मध्यास त्यांची संख्या सुमारे २०० होती. २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली. त्यांची जुनी छायाचित्रे हीच आता या पाणथळीवरील त्यांच्या वास्तव्याची साक्ष आहे. आज बांधावर बसून टिपलेल्या चित्रबलाकाच्या छायाचित्रास उद्या केवळ तेवढेच मोल उरू नये, यासाठी घन्यात दरवर्षी वेळेवर पाणी पोहोचणे आवश्यक आहे.