बक्षीस की वेतन?

अमेरिकेत सहलीला गेलेले मराठी कुटुंब हॉटेलच्या खोलीत जादा उशी मागवते आणि ती आणणाऱ्याच्या हातावर किती डॉलर ठेवावेत, या विवंचनेत पडते. आपण हा प्रश्न शिष्टाचाराचा मानतो. त्याची मुळे मात्र इतिहासात आहेत.

यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय सेवक नेमले. अंथरुणे घालावीत, बूट पुसावेत, मागेल ते आणून द्यावे. वेतन तुटपुंजे, बाकी भिस्त प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्यांना मालकाच्याच नावाने, 'जॉर्ज' म्हणून, हाक मारीत. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. पुढे १९६६ च्या कायदादुरुस्तीने हॉटेल-कामगारांना किमान वेतनाचे संरक्षण दिले. पण त्याच दुरुस्तीने टिपेची रक्कम त्या वेतनात धरण्याची मुभाही मालकांना मिळाली.

मराठीत स्पर्धेतले पारितोषिक आणि हमालाच्या हातावरचे नाणे, दोन्ही 'बक्षीस'च. म्हणून ते आपल्याला औदार्य वाटते. वास्तविक तो मालकाने पाहुण्यावर ढकललेला वेतनाचा हिस्सा आहे.