जोडकाम आणि शोध : मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला

वाशीम जिल्ह्यात तिफणीमागे दोराने सरते बांधून मुख्य पिकाच्या तासांबरोबर तुरीचे तास पेरण्याची रीत जुनी आहे. समजा, अशा अवजाराला कुणी आणखी एक जुनाच भाग बसवला आणि त्यावर पेटंट मागितले, तर त्याला शोध म्हणायचे का? तसे म्हटले, तर तोच भाग बसवून देणारा गावचा लोहार-सुतार दुसऱ्या दिवशी कायद्याने गुन्हेगार नसला, तरी नुकसानभरपाईचा देणेकरी ठरेल. म्हणून हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही.

आपल्या देशात या प्रश्नाचा मूळ निवाडा भांड्यांच्या धंद्यातून आला. मिर्झापूरच्या ‘हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ने लेथवर भांडी पकडून घासण्याच्या साधनाचे पेटंट 1951 मध्ये मागितले होते. जुन्या पद्धतीत काम चालू असताना भांडे हेडस्टॉकवरून निसटून उडे आणि कारागिराला इजा होण्याचा धोका असे. नव्या साधनात टोकदार टेलस्टॉक आणि दाब देणारा दांडा यांनी भांडे पक्के धरले जाई. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ या पेढीने तेच साधन वापरले, म्हणून दावा लागला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, तर खंडपीठाने ते पुन्हा कायम केले. अखेर 13 डिसेंबर 1978 रोजी न्या. सरकारिया यांच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवले.

साधन उपयोगी होते, याबद्दल फारसा वाद नव्हता. पण टेलस्टॉकचा आधार लेथवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक होता. त्यात केलेला बदल कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेपलीकडे जात नाही, असे न्यायालयाला दिसले. त्यातून कसोटी निघाली ती अशी : जुने भाग एकमेकांच्या साह्याने काम करून नवा किंवा अधिक चांगला परिणाम देत असतील, तर तो जोड पेटंटला पात्र ठरू शकतो. नुसते शेजारी शेजारी बसवलेले भाग मात्र पात्र नाहीत. आणि त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला जे सहज सुचले असते, तेही नाही.

1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3(च) मध्येही हेच तत्त्व आहे. ज्ञात साधने आपापले काम ज्ञात रीतीने स्वतंत्रपणे करत असतील, तर त्यांची निव्वळ मांडणी म्हणजे शोध नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये, मोटारीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याच्या खटल्यात, अशीच वाट धरली.

या कसोटीला दुसरी बाजूही आहे. उत्तर हाती आल्यावर प्रत्येक जोड सोपाच वाटतो. म्हणून न्यायाधीशाने निकालाच्या दिवसाचे शहाणपण बाजूला ठेवून अर्जाच्या दिवशीच्या कारागिराच्या जागी उभे राहायला हवे. तसे झाले, तरच खरा शोधक आणि गावचा कारागीर या दोघांनाही न्याय मिळेल.