खिळ्यांच्या खणापाशी

मार्च 1922. पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी तुम्हाला केडगावला उतरवते आणि धूर सोडत पुढे जाते. सकाळचीच वेळ, तरी वाटेवरचा फुफाटा पायाला चटका देऊ लागलाय. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाच्या आवारात शिरताच आधी आवाज भेटतात. विहिरीवर भांड्यांचा, पलीकडे हातमागांचा, कुठेतरी दळता दळता म्हटलेल्या गाण्याचा. हे आवाज मागे टाकून तुम्ही छापखान्याच्या दारात येता आणि शाईचा वास नाकात भरतो.

आत सगळ्या बायका. प्रत्येकीपुढे लाकडी खणांची उतरती मांडणी, खणाखणांत शिशाचे खिळे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी. तिशी ओलांडलेली एक बाई मान वर न करता तुम्हाला म्हणते, “बसा.” तिच्या डाव्या हातात पितळी पट्टी आहे. उजवा हात खणांवरून असा फिरतो, की त्याला डोळ्यांची गरजच उरलेली नाही.

ती पट्टी तुमच्या हाती देते. तुम्ही एक ओळ जुळवू पाहता. भरायची डावीकडूनच, पण अक्षरं डोक्यावर उभी. दोन शब्द होईतो तुमची बोटं काळी होतात आणि एक अनुस्वार सुटतो. तिला तो लगेच दिसतो. ती चिमट्याने ओळ सैल करते, टिंबाचं अक्षर बसवते, पुन्हा आवळते. रागवत नाही, पण सोडूनही देत नाही.

हे पान बायबलचं आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, पंधराहून अधिक वर्षं खपून ते मराठीत आणलं. आधीच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईच्या कानाला परकी वाटते, हे त्यांना सलत होतं. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलं, त्यांनी आपली सगळी विद्वत्ता सोपं लिहिण्यासाठी वेचली.

जुळवणारीला तुम्ही विचारता, इथे कशा आलात? ती थोडक्यात सांगते. 1897 साली मध्य प्रांतातल्या दुष्काळातून बाईंनी मुली आणल्या, त्यांतली ती एक. घरचं कुणी उरलं नव्हतं. ती एवढंच बोलते आणि पुढचा खिळा उचलते. तुम्हाला आठवतं, रमाबाईंचे आईवडीलही दुष्काळानेच नेले होते. अशा मुलीची भूक त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

अशा कामासाठी मराठी ख्रिस्ती मंडळीत एक शब्द आहे, ‘पाचारण’. देवाने माणसाला बोलावणं. फार काळ युरोपात हा शब्द साधू-धर्मगुरूंपुरता धरला जाई. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो चांभाराच्या, मोलकरणीच्या, शेतकऱ्याच्या कामापर्यंत नेला. त्याचा आधार जुनाच होता: येशू सुताराचं काम करी, आणि पौल तंबू शिवून पोट भरी.

इथे तुमच्या मनात शंका उभी राहते, आणि ती उभी राहायलाच हवी. ज्याने त्याने आपल्या कामात देव पाहावा, हे ज्या देशात काम जन्मानेच ठरतं तिथे सांगायचं? झाडणाऱ्याने झाडतच राहावं, विधवेने कोपऱ्यातच बसावं, याला देवाचं नाव चिकटवायला कितीसा वेळ लागतो! पौलाच्याच पत्रातला शब्द, ज्याने त्याने आपल्या पाचारणाच्या स्थितीत राहावं हा, माणसाला जखडण्यासाठी वापरला गेलाय.

उत्तर या खोलीत आहे. इथल्या कुणाच्याही आजीने खिळे जुळवले नव्हते. या बायकांना कुळाने हे काम दिलं नाही. कुळाने तर त्यांना काहीच ठेवलं नव्हतं. जात माणसाला सांगते, तू अमक्याची, म्हणून हे काम तुझं. हाक माणसाला नावाने मारली जाते. जिला कुणीच नावाने हाक मारेनासं झालं होतं, तिला ती ऐकू आली, आणि तिने हाताने ओ दिली.

दुपारी दुरुस्तीचे कागद येतात. समासात रमाबाईंच्या हाताच्या खुणा. त्या 63 वर्षांच्या आहेत. गेल्या जुलैत लेक मनोरमा गेली. कानांनी त्यांना तरुणपणापासूनच कमी ऐकू येतं; त्यापायीच इंग्लंडमधली डॉक्टर होण्याची वाट बंद झाली होती. तरी शेवटची पानं तपासून होईपर्यंत हात चालावा, एवढंच त्या मागताहेत.

तुम्ही 1922 मधून आला नाहीत, म्हणून तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. ती पानं तपासून होतील. 5 एप्रिलला रमाबाई जातील. सबंध ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडेल आणि त्यावर जुळवणाऱ्या एकीचंही नाव नसेल. हे तुम्ही बोलत नाही.

संध्याकाळी छापून झालेलं एक पान मोडलं जातं. दिवसभराची ओळ न् ओळ सुटते, आणि काना कान्याच्या खणात, वेलांटी वेलांटीच्या खणात परत जाते. ती तुमच्या हातात सकाळचा तो अनुस्वार ठेवते. तुम्ही त्याचा खण शोधता. वेळ लागतो, ती थांबते. सापडतो. बारीक ‘टक्’ होतो. ती मान हलवते आणि तुमच्यापुढे दुसरा खिळा धरते.