हवानाच्या वाटेवरचे दोन मुक्काम

कॅरिबियन समुद्रातील बेटांभोवती आठवडाभर जहाजातून हिंडून येणे हा आज अमेरिकेत फार मोठा व्यवसाय झाला आहे. मायामी, फोर्ट लॉडरडेल, टँपा अशा फ्लोरिडातील बंदरांतून ही जहाजे सुटतात. लेकीसुनांकडे अमेरिकेस गेलेली आपल्याकडची वडीलधारी मंडळीही अलीकडे या सफरीला जाऊ लागली आहेत. अशा प्रवाशाला जाणती माणसे एक सल्ला हमखास देतात. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोचा आणि ती रात्र तिथल्या हॉटेलात काढा. कारण विमानाला उशीर होऊ शकतो, पण जहाज कोणासाठी थांबत नाही.

आदल्या रात्रीचा हा मुक्काम म्हणजे नुसती सोय. त्याला कसला इतिहास असणार, असे कोणालाही वाटेल. पण टँपापुरते बोलावयाचे तर ही समजूत बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्युबाकडे डोळे लावून बसलेली माणसे या गावात दोन अगदी वेगळ्या ठिकाणी उतरत. एक ठिकाण राजवाड्यासारखे हॉटेल होते, दुसरे एका कामगार जोडप्याचे खाणावळवजा घर. या दोन मुक्कामांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे १८९८ सालच्या एका युद्धाचा बराचसा अर्थ उलगडतो.

प्रथम राजवाड्याची गोष्ट सांगतो. १८८० साली टँपा हे हजाराच्या आतल्या वस्तीचे, वाळूत रुतलेले एक खेडे होते. त्याला बंदराचे शहर केले ते मुख्यतः हेन्री प्लँट या कनेक्टिकटच्या उद्योगपतीने. १८८४ साली त्याची आगगाडी टँपाला पोचली. गावाजवळचे पाणी उथळ होते, म्हणून त्याने रूळ आणखी नऊ मैल पुढे नेले आणि खोल पाण्यात लांबलचक धक्का बांधला. त्या धक्क्यावरून ‘मॅस्कॉट’ आणि ‘ऑलिव्हेट’ या त्याच्या आगबोटी की वेस्टमार्गे हवानाला जाऊ लागल्या. यांपैकी ‘मॅस्कॉट’चे चित्र आजही टँपा शहराच्या मुद्रेवर आहे.

गाडी आपली, बोट आपली. मग मधल्या रात्रीचे भाडे दुसऱ्याच्या खिशात का जावे? प्लँटने हिल्सबरो नदीच्या पश्चिम तीरावर हॉटेल बांधावयास काढले. १८९१ च्या फेब्रुवारीत उघडलेले हे ‘टँपा बे हॉटेल’ म्हणजे त्या काळचे आश्चर्यच होते. खोल्या ५११, खर्च पंचवीस लाख डॉलरांच्या वर, आणि घाट मूरिश. दक्षिणेकडच्या त्या ओसाड वाळूवर चंद्रकोर मिरवणारे रुपेरी मिनार आणि घुमट उभे राहिले. विजेचे दिवे होते, माणसे वर नेणारा पाळणा होता. हिवाळ्यात उत्तरेची थंडी चुकवणारे धनिक इथे येत, लांबलचक व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या टाकून बसत, आणि मन झाले तर बोटीने हवानाला एक फेरी मारून येत. उन्हाळा लागला की हॉटेलला कुलूप.

आता दुसऱ्या मुक्कामाकडे वळू. नदीच्या पलीकडे, गावाच्या ईशान्येस, व्हिसेंते मार्तीनेस ईबोर नावाच्या कारखानदाराने १८८६ साली चिरुटांचा मोठा धंदा थाटला. हाही रेल्वेचाच परिणाम. क्युबाहून तंबाखू बोटीने यावयाची, चिरूट आगगाडीने उत्तरेस जावयाचे. तंबाखूबरोबर क्युबन कारागीरही हजारोंनी आले. स्पेनच्या राजवटीखालून निघालेली ही माणसे. काही पोटासाठी आलेली, काही राजकारणापायी परागंदा झालेली. त्यांची वसाहत ती ईबोर सिटी.

या कारखान्यांत एक प्रथा होती. इथे जमलेल्या श्रोतृवृंदाला ती विशेष आवडेल. चिरूट वळण्याचे काम हातांचे, कान मोकळे. तेव्हा कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमीत. उंच चौथऱ्यावर बसून तो सकाळी वर्तमानपत्रे आणि पुढे कादंबऱ्या खड्या आवाजात वाचून दाखवी. काय वाचावयाचे हे कामगार ठरवीत. अक्षरओळख नसलेला कामगारदेखील यामुळे जगाच्या घडामोडी जाणणारा झाला. मालकांना हे वाचक पुढे इतके डोईजड वाटू लागले की १९३१ साली त्यांनी ही पद्धत बंद पाडली. चौथऱ्यावरून आलेल्या शब्दाचे सामर्थ्य मालकांनी ओळखले होते, हेच यातून दिसते.

अशा कान तयार झालेल्या लोकांसमोर १८९१ च्या नोव्हेंबरात होसे मार्ती बोलावयास उभा राहिला. मार्ती कवी आणि पत्रकार. कोवळ्या वयात देशद्रोहाच्या आरोपावरून हवानाच्या दगडखाणीत सक्तमजुरी भोगलेला आणि नंतर हद्दपार झालेला. २६ आणि २७ नोव्हेंबरला त्याने टँपात दोन व्याख्याने दिली. स्वतंत्र क्युबा सर्वांचा असेल, गोऱ्याचा तसाच काळ्याचा, धनिकाचा तसाच कष्टकऱ्याचा, हा त्यांचा गाभा. याच भेटीत ठरलेल्या ठरावांतून पुढल्या वर्षी क्युबन क्रांतिकारक पक्ष उभा राहिला. पक्षाच्या तिजोरीत या चिरूट वळणाऱ्यांच्या मजुरीतील पैसे नेमाने पडू लागले.

१८९२ च्या अखेरीस टँपात मार्तीवर विषप्रयोगाचा प्रयत्न झाला. त्यानंतर त्याचा मुक्काम रुपेर्तो आणि पाउलिना पेद्रोसो यांच्या घरी असे. हे जोडपे काळे, क्युबन, ईबोरच्या कारखान्यासमोर खाणावळ चालवणारे. या गोष्टीचे महत्त्व ध्यानात घ्यावयास हवे. आगगाडीत काळ्यांना वेगळा डबा, असा कायदा फ्लोरिडात १८८७ सालीच झाला होता. त्याच फ्लोरिडात एका राष्ट्रीय चळवळीचा गोरा नेता काळ्या कुटुंबाच्या छपराखाली राहत होता आणि त्यांच्या पंगतीला जेवत होता. व्याख्यानात तो जे बोलला, तेच त्याने आपल्या बिऱ्हाडाने करून दाखवले. १८९५ साली क्युबात उठाव सुरू झाला. एप्रिलात मार्ती एका लहान होडीतून क्युबाच्या किनाऱ्यास लागला आणि १९ मे रोजी लढाईत पडला. टँपातले कामगार मात्र पैसे धाडीतच राहिले.

यानंतर १८९८ साल उजाडले. १५ फेब्रुवारीस हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेच्या वर माणसे गेली. एप्रिलात अमेरिकेने स्पेनशी युद्ध पुकारले. क्युबावर धाडावयाच्या सैन्यासाठी बंदर निवडले ते टँपा. कारण तिथे रेल्वे होती, धक्का होता आणि हवाना जवळ होती. सेनापती विल्यम शाफ्टर याने आपले ठाणे टँपा बे हॉटेलातच मांडले. एरवी उन्हाळ्यात मिटणारे हॉटेल त्या वर्षी उघडे राहिले.

मग सुरू झाले ते वाट पाहणे. गावच्या वस्तीपेक्षा छावणी मोठी झाली. शिपाई वाळूत, तंबूत, लोकरीच्या जाड गणवेशात उकडून निघत होते. आणि व्हरांड्यात त्याच झुलत्या खुर्च्यांवर सेनानी, परदेशांचे लष्करी वकील आणि वार्ताहर बसलेले. चित्रकार रेमिंग्टन तिथे होता, कादंबरीकार स्टीफन क्रेन होता. थिओडोर रूझवेल्ट, जो पुढे तीन वर्षांनी अमेरिकेचा अध्यक्ष झाला, तो आपले घोडदळ घेऊन जूनच्या आरंभी आला. त्याची पत्नी काही दिवस हॉटेलात येऊन राहिली. संध्याकाळी वाद्यवृंद वाजे. वार्ताहर रिचर्ड हार्डिंग डेव्हिस याने युद्धाच्या या पर्वाला झुलत्या खुर्चीचेच नाव देऊन टाकले.

खुर्च्या झुलत होत्या, पण काम हलत नव्हते. धक्क्याकडे जाणारा रूळ एकच, तो नऊ मैलांचा. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले मालडबे त्यामागे तुंबले. जूनच्या आरंभी सरसेनापती मायल्स याने पाहणी केली तेव्हा तीनशेवर डबे उभे होते आणि कोणत्या डब्यात काय आहे याच्या याद्याच पोचल्या नव्हत्या. अधिकारी एकेक डबा फोडून पाहत: यात बंदुका आहेत, की कपडे, की डुकराचे मांस? हिवाळ्यात श्रीमंत पाहुण्यांसाठी जी व्यवस्था निर्दोष चालत होती, ती पंचवीस हजार माणसांच्या भाराखाली कोलमडली. सुखसोय आणि पूर्वतयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्या व्हरांड्यातल्या कोणालाही वेळेवर उमगले नाही.

वाट पाहण्याचे दुःखही सर्वांना सारखे नव्हते. या सैन्यात काळ्या शिपायांच्या चार पलटणी होत्या. वर्षानुवर्षे पश्चिमेच्या सरहद्दीवर झुंजलेल्या, कसलेल्या. ज्या गावाच्या रक्षणाला ते आले त्या गावच्या दुकानांत त्यांना उभे करीत नसत. ६ जूनच्या रात्री काही झिंगलेल्या गोऱ्या स्वयंसैनिकांनी एका काळ्या मुलाला नेमबाजीच्या खेळाचे लक्ष्य केले, तेव्हा त्यांच्या संतापाचा स्फोट झाला आणि गावात मोठा दंगा उसळला.

दुसऱ्याच दिवशी निघण्याचा हुकूम आला आणि एकच धांदल उडाली. जहाजांत जागा कमी, माणसे जास्त. जो आधी चढेल त्याचे जहाज. रूझवेल्टची पलटण कोळशाच्या डब्यांतून धक्क्यावर पोचली आणि दुसऱ्या पलटणींसाठी नेमलेले ‘युकाटान’ जहाज तिने बळकावले. तिचे घोडे मात्र जागेअभावी मागे राहिले. वरातीमागून घोडे ही म्हण आपण थट्टेने वापरतो. इथे वरातीमागूनही घोडे गेले नाहीत, ते टँपातच राहिले आणि घोडेस्वार क्युबात पायी लढले. रुग्णवाहिकांचे गाडेही बहुतेक मागेच ठेवले गेले. एवढी घाई करून ८ जूनला जहाजांवर कोंबलेले सैन्य पुढे सहा दिवस नांगरावरच अडकून पडले. वाटेत स्पॅनिश युद्धनौका दिसल्याची बातमी होती. ती खोटी ठरली. अखेर १४ जूनला सुमारे १७,००० माणसे घेऊन तांडा निघाला.

पुढची लढाई थोडक्यात आटोपली. २२ जूनला सैन्य किनाऱ्यास लागले, १ जुलैला सान हुआनची टेकडी घेतली, १७ जुलैला सँतियागो शरण आले. पण हिवताप आणि पीतज्वर यांनी सैन्य पोखरून काढले. एकंदर युद्धात जितके अमेरिकन शिपाई लढताना पडले त्याच्या कित्येक पटींनी रोगराईने मेले, आणि त्यांतले पुष्कळसे तर स्वदेशातल्याच छावण्यांत. प्लँटची ‘ऑलिव्हेट’ बोट या मोहिमेत इस्पितळ बनली. पीतज्वर डासांमुळे पसरतो, असे हवानाचा डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून कानीकपाळी ओरडत होता. अमेरिकन सैन्याच्या डॉक्टरांनी प्रयोग करून ते मान्य केले १९०० साली.

क्युबन माणसाचे ऐकावयाचे नाही, हा प्रकार केवळ वैद्यकातच घडला असे नाही. जनरल कालिक्स्तो गार्सियाच्या क्युबन फौजेने अमेरिकन सैन्याला किनाऱ्यावर उतरण्यास साहाय्य केले होते. पण सँतियागो शरण आले तेव्हा त्या फौजेला शहरात प्रवेश मिळाला नाही. गार्सियाने शाफ्टरला निषेधाचे पत्र लिहिले. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. त्या मेजावर क्युबाचा प्रतिनिधी नव्हता. २० मे १९०२ रोजी क्युबन प्रजासत्ताक उभे राहिले, तेही अमेरिकेच्या हस्तक्षेपाचा हक्क आपल्या घटनेत लिहून घेऊन. तो हक्क १९३४ सालापर्यंत गेला नाही.

युद्ध कोणी सुरू केले, असे विचारले तर पाठ्यपुस्तके ‘मेन’चा स्फोट सांगतात, रूझवेल्ट सांगतात, हॉटेलचा व्हरांडा सांगतात. त्यात खोटे काही नाही. पण त्या युद्धाला तीन वर्षे आधीच तोंड लागले होते, आणि त्याचे भांडवल नदीच्या दुसऱ्या बाजूस रोजच्या मजुरीतून जमत होते. व्हरांड्यात वार्ताहर बसले होते, म्हणून तिथली प्रत्येक संध्याकाळ छापली गेली. खाणावळीत कोणी वार्ताहर उतरला नव्हता. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातही असे व्हरांडे आहेत आणि अशा खाणावळी आहेत. आपण कोणत्या जागेवरून पाहतो यावर आपल्याला काय दिसेल हे अवलंबून असते.

प्लँट १८९९ साली वारला. पुढे हॉटेल शहराने विकत घेतले, १९३३ पासून तिथे टँपा विद्यापीठ आहे, आणि एका भागात प्लँटच्या नावाचे संग्रहालय आहे. पेद्रोसोंचे घर राहिले नाही. त्या जागी एक लहानसे उद्यान आहे, त्यात मार्तीचा पुतळा आहे. आणि ती जमीन क्युबा देशाच्या मालकीची आहे. ज्यांच्या सफरीचे जहाज टँपाहून सुटणार असेल, त्यांनी आदल्या दिवशी पोचावेच. मिनार पाहण्यासारखे आहेत. पण ते पाहून झाल्यावर नदी ओलांडून त्या उद्यानातही घटकाभर बसावे. ज्या समुद्रावर आपण मौजेसाठी निघालो आहोत, त्याच्या पलीकडचा देश स्वतंत्र व्हावा म्हणून त्या जागी दोन कष्टाळू माणसांनी आपले दार उघडे ठेवले होते.