वरची धरणं, खालचं धरण आणि मधले आपण

(पोस्ट लांब आहे. जायकवाडीचं पाणी हा फक्त संभाजीनगर-जालन्याचा विषय आहे असं आपल्या गावात अनेकांना वाटतं. त्यांनी तर जरूर वाचावी.)

२०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या भागात आठ दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच लातुरात पाणी भरायच्या जागी १४४ कलम लावावं लागलं होतं. आणि २० एप्रिलला, तिथून साठेक किलोमीटरवर, आपल्या अंबाजोगाई तालुक्यात गावंच्या गावं टिकाव-फावडी घेऊन माळावर चढली. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं ते पहिलं वर्ष. राज्यातून तीनच तालुके निवडले होते: वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई. पहिला नंबर कोरेगावातल्या वेळूचा आला, पण आपलं खापरटोन आणि राडी तांडाही बक्षिसात होते.

रेल्वेचे फोटो देशभर छापून आले. श्रमदानाचेही आले, आमिर खान होता म्हणून. पण रेल्वे का आली, हे विचारायला फार कुणी धनेगावला गेलं नाही. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब ही सगळी गावं मांजरा धरणाचं पाणी पितात. धरण केज तालुक्यात धनेगावला. क्षमता २२४ दलघमी, म्हणजे जेमतेम आठ टीएमसी. त्यातही उपयुक्त साठा १७७ दलघमीच्या आसपास, बाकीचा मृत. बांधलं ते मुख्यतः शेतीसाठी. पुढं शहरं वाढली, एमआयडीसी आली आणि ऊस आला. २०१६ ला मृतसाठासुद्धा संपला. (आणि त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरण भरलं. आपल्याकडचा पाऊस असाच आहे, त्यामुळं सहा महिन्यांत सगळे विसरले.)

आता थोडं मागं जाऊ.

निजामाच्या काळात आपल्या गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद. घोडदळाची छावणी होती, कचेऱ्या होत्या. त्या काळातला पाण्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. गोदावरी आणि तिच्या उपनद्या वर नाशिक-नगरमध्ये इंग्रजांच्या मुलखात उगवतात. तिथं दारणा धरण १९१६ ला झालं, भंडारदरा १९२६ ला. कालवे निघाले, प्रवरेच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. इकडं मांजरा उगवते आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात. ती बीड, धाराशिव, लातूर करत बिदरकडून तेलंगणात जाते. निजाम सरकारनं तिच्यावर मोठं धरण बांधलं निजामसागर, १९२३ ते १९३१ या काळात. कुठं? तेलंगणात. पुढं हैदराबाद शहरही मांजरेचं पाणी प्यायला लागलं. नदी आपली, पण तिच्यावरचं पहिलं मोठं धरण आपल्याला ओलांडून खाली. वर इंग्रजांची धरणं, खाली निजामाचं, आणि मधल्या मराठी जिल्ह्यांत आड, बारव आणि आभाळ.

हे निव्वळ दुर्दैव नव्हतं. पाणी तिथं अडवलं जातं जिथं अडवून घेणारं कुणी दरबारात असतं. आपल्याकडं तसं कुणी नव्हतं.

१९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून आपल्या गावात आले आणि योगेश्वरी शाळेत शिकवू लागले. पुढं त्यांनी हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा उभा केला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच लढ्यातून तयार झालेल्या माणसांनी स्वातंत्र्यानंतर मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न हातात घेतला. गोविंदभाई श्रॉफ हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. मराठवाडा जनता विकास परिषद हे त्यांचं काम. पुढं कोर्टात गेली ती हीच परिषद, म्हणून नाव लक्षात ठेवा.

१९५३ च्या २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. मराठवाड्याला न्याय्य वाटा देऊ, असं त्यात लिहिलं होतं. १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, तेव्हा हैदराबाद राज्याच्या काळातली एक योजना सोबत आणली. गोदावरीवर बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी धरण बांधायचं होतं. नंतर जागा बदलून वर पैठणला गेली, नाव मात्र जायकवाडीच राहिलं. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. क्षमता १०२ टीएमसी. मांजरा धरणाच्या बारापट तरी.

मधे १९७२ चा दुष्काळ. आमच्या पिढीनं तो फक्त ऐकला. सुकडी, खडी फोडणं, माळावर निघालेली कामं. त्यातून रोजगार हमी कायदा झाला. आणि त्या दुष्काळानंतर दुसरीही एक गोष्ट झाली, ती म्हणजे बोअर. आडात पाणी नसलं की जमिनीत खोल जायचं, ही सवय तेव्हापासूनची. आपल्या गावात मानवलोक संस्था १९८२ ला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी सुरू केली. त्यांचं म्हणणं याच्या उलट होतं: आधी पडलेलं पाणी बांधावर अडवा. तालुक्यातली बांधबंदिस्तीची कामं बघितली की कळतं, २०१६ चं श्रमदान काही आभाळातून पडलेलं नव्हतं.

तर जायकवाडी. धरण झालं, पण वर नाशिक-नगरमध्ये धरणं वाढत गेली. वरची भरल्याशिवाय खाली पाणी येईना. चांगलं पाऊसमान असेल तर ठीक, नाहीतर पैठणला पाणी नाही. पैठणला नाही म्हणजे उजव्या कालव्यानं माजलगावला नाही. गोदावरीत नाही म्हणजे खडक्याच्या बंधाऱ्यात नाही, आणि खडक्यात नाही म्हणजे परळीचं थर्मल बंद. २०१३ च्या फेब्रुवारीत ते बंद पडलं, २०१५ ला पुन्हा. परळी आपल्यापासून पंचवीस किलोमीटर. तिथं किती घरांची चूल राखेवर, ठेक्यावर, ट्रकवर चालते ते बाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही.

२००५ ला राज्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यातलं कलम १२(६)(ग) सगळ्यांनी एकदा वाचायला हवं. त्याचा अर्थ साधा आहे: ऑक्टोबरअखेर एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहिली पाहिजे. टंचाई असेल तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. कायद्याच्या पुस्तकात इतकं माणुसकीचं वाक्य क्वचित सापडतं. पण ते सात वर्षं पुस्तकातच राहिलं. २०१२ चा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी ते बाहेर काढलं.

इथून पुढची लढाई मोर्च्याची कमी आणि कागदाची जास्त. मराठवाडा जनता विकास परिषद उच्च न्यायालयात गेली. वाल्मीत शिकवलेले प्रा. प्रदीप पुरंदरे वर्षानुवर्षं लेख लिहीत होते, आकडे मांडत होते. त्यांनी २०१४ ला वेगळी जनहित याचिका केली: कायद्यानं बंधनकारक असलेला राज्याचा एकात्मिक जल आराखडाच तयार नाही, मग गोदावरी खोऱ्यात नव्या प्रकल्पांना मंजुरी कशी देता? आराखडा मंजूर करणाऱ्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक जानेवारी २०१५ मध्ये झाली. कायदा २००५ चा. दहा वर्षं बैठकच नाही! आमच्या पतसंस्थासुद्धा वर्षाला एक सभा घेतात.

हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीनं २०१३ ला सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. प्राधिकरणानं १९ सप्टेंबर २०१४ ला त्यावर आदेश काढला. वरच्या भागातून विरोधात याचिका गेल्या. २३ सप्टेंबर २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं प्राधिकरणाचा आदेश कायम ठेवला. धरण आमच्या हद्दीत आहे म्हणून सगळं पाणी आमचं, हा दावा टिकला नाही.

निकाल लागला म्हणून पाणी आपोआप आलं नाही. २०१५ ला १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश झाला तेव्हा वाद झाले. २०२३ ला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी सोडायचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, पण प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला, तोही संभाजीनगरात लोक रस्त्यावर बसल्यावर. आणि आता मांदाडे समितीनं ६५ चे ५८ टक्के करा, असं सुचवलंय. २०२५ ला त्यावर हरकती मागवल्या होत्या. ऐकायला सात टक्के कमी वाटतात. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचे सात टक्के म्हणजे पाच टीएमसीच्या वर. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा सव्वासहा टीएमसी आहे, त्यावरून अंदाज करा.

आता आपल्याला बोचणारा भाग. यातलं एक थेंबही अंबाजोगाईच्या नळाला येत नाही. आपण मांजरेच्या उपखोऱ्यात, गोदावरीच्या पात्रापासून वर, डोंगरावर. मराठवाडा वॉटर ग्रिडमध्ये अकरा धरणं पाइपलाइननं जोडणार होते, इस्रायलच्या कंपनीशी करारही झाला होता. त्या ग्रिडचं पाणी अजून आपल्याकडं कुणी पाहिलेलं नाही.

पण कायदा सगळ्या खोऱ्यांना आहे. नगर-नाशिकला आपण जो नियम सांगतो तो मांजरेलाही लागतो. मांजरा धरणाच्या वर पाटोदा, बीड, केज, कळंबचे तलाव आहेत, खाली लातूरचे बॅरेजेस आहेत. इथं वरचे आपण आहोत. लातूरचा माणूस १२(६)(ग) घेऊन दारात आला तर आपण काय म्हणणार? “पाणी नदीत सोडलं की वाया जातं” हे नगरवाल्यांचं वाक्य आपल्याच तोंडातून निघेल, याची मला खात्री आहे. उसाचंही तसंच. राज्यात लागवडीच्या जमिनीतली चारेक टक्के उसाखाली, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा दोन-तृतीयांशाच्या घरात धरला जातो. प्रवरेच्या उसाला नावं ठेवताना आपलं अंबासाखर आणि मांजरेच्या काठचे कारखाने आपण हळूच बाजूला ठेवतो. मीही ठेवलेत, बातम्या लिहिताना.

जायकवाडीचा आकडा दर १५ ऑक्टोबरला पेपरात येतो, कारण परिषदेच्या माणसांनी तो विचारायची सवय लावली. मांजरेच्या उपखोऱ्यात त्या दिवशी कुठल्या तलावात किती टक्के पाणी होतं, किती पिण्याला, किती उसाला, असा एकत्र तक्ता आजवर माझ्या टेबलावर आलेला नाही. या वेळी माहितीच्या अधिकारात तो मागणार आहे, मागच्या पाच वर्षांसह. केज, कळंब आणि लातूरच्या मित्रांनीही आपापल्या बाजूनं अर्ज टाकावेत. नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.